पाठीमागे पंचेचाळीस सेंटिमीटर

इमारतीच्या सूचनाफलकावर ते पत्रक लागलं, तेव्हा सगळ्यांनी ते जाता-येता वाचलं आणि जिना चढेपर्यंत विसरूनही गेले. भिंगकाका मात्र हात मागे बांधून फलकासमोर चांगली पाच मिनिटं उभे राहिले. पत्रक आपत्ती निवारण कार्यालयाचं होतं. पूर येवो, आग लागो, जमीन हलो, प्रत्येक कुटुंबाने तीन दिवस निभतील एवढं सामान एका आटोपशीर पाठपिशवीत भरून दाराशी तयार ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. खाली सामानाची यादी, तिच्याखाली पिशवीची मापं, आणि तळाशी तारीख. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी घंटा होईल, सर्वांनी पिशव्या पाठीला लावून जिन्याने अंगणात उतरावं, अधिकारी येऊन पिशव्या मोजतील.

"अक्षर किती स्वच्छ आलंय बघा," काका शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. कारण हे पत्रक त्यांच्याच छापखान्यात छापलेलं होतं आणि त्याची प्रुफं त्यांनी स्वतः तपासली होती.

छापखान्यात त्यांना भिंग म्हणत, इमारतीत त्याचं भिंगकाका झालं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही चूक सुटली नव्हती. पाण्याच्या पंपांच्या पुस्तिका, औषधांबरोबर येणाऱ्या बारीक अक्षरांच्या घड्या, शिलाई यंत्रांच्या सूचना, लोक न वाचता टाकून देतात असं सगळं वाङ्मय त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या भाषणात 'सत्तावीस वर्षं, शून्य चुका' असं म्हणायचं मालकांनी आत्तापासूनच ठरवून ठेवलं होतं. काकांनी आयुष्यात घर बांधलं नाही, परदेश पाहिला नाही, कुठल्या समितीवरही त्यांना कुणी घेतलं नाही. त्यांच्याजवळ होतं ते हे एक शून्य, आणि त्याला ते फार जपत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मालकांना ठाऊक नव्हती. काका वाचता वाचता निघून जात. शरीराने नव्हे, शरीर खुर्चीतच असे, पेन्सिल हातातच असे. पण पंपाची पुस्तिका वाचताना त्यांनी एक अख्खी बाग शिंपून काढली होती, तिथली माती पायांना गार लागली होती. होकायंत्राच्या माहितीपत्रकात ते अकरा दिवस समुद्रावर होते. परत यायचे ते बरोबर चहाच्या वेळेला. जिथून गेलो त्याच ओळीवर आपण उतरतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. आपत्तीचं हे पत्रक तर त्यांना थेट पुरात घेऊन गेलं होतं. दुपारभर ते कुठल्याशा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून माणसांना वर ओढून घेत होते, आणि पाणी संथ, करडं, सुंदर असं पायरी पायरीने चढत होतं.

घरी काकूंनी पत्रक एकदा वाचलं आणि माळ्यावरून मुलीची कॉलेजातली पिशवी काढून दिली. काकू दवाखान्याच्या औषध खिडकीवर बसत. दिवसभर गोळ्या मोजून देणाऱ्या बाईला एका पिशवीचं काय अवघड!

"ही घ्या. धुतलेली आहे, चेन चालू आहे. विषय संपला."

काकांनी टेप लावला. "उंची पंचेचाळीस, रुंदी तीस, जाडी पंधरा," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. "पत्रकात उंची पंधरा आहे. रुंदी तीस. जाडी पंचेचाळीस."

"मग आडवी करा."

"पाठीवर आडवी कशी करणार?"

"मग तुम्ही आडवे व्हा. पिशवी पाठीवर टाका आणि रांगत जा. उंची बरोबर पंधरा भरेल."

काकूंचा हा स्वभावच. काकांना ते लागलं. थोड्या वेळाने काकूंनाच राहवलं नाही. "अहो, कुठेतरी आकडे इकडचे तिकडे झाले असतील. छापखान्यातला मूळ कागद एकदा बघून घ्या ना. मी रोज खोक्यांवरचं छापील वाचते, त्यातही होतं असं."

"हे पत्रक मी तपासलंय," काका म्हणाले.

पुढे दोन दिवस ते काकूंशी फक्त पूर्ण वाक्यांत बोलले. कर्ता, कर्म, क्रियापद, शेवटी थांबायचं. काकूंना ते एकतीस वर्षांच्या संसारातले सगळ्यात शांत दोन दिवस वाटले.

मग शोध सुरू झाला. छापखाना सुटला की काका टेप खिशात घालून बाजारात जात. पहिल्या दुकानदाराने शाळेच्या पिशव्या दाखवल्या, दुसऱ्याने गिर्यारोहणाच्या. तिसऱ्याने मापं ऐकून घेतली, मनातल्या मनात आकार जुळवला आणि आतून केक पोचवायची पेटी आणली. "माप तंतोतंत आहे," तो म्हणाला, "पण पट्टे नाहीत. वाढदिवस कुणाचा आहे?" चौथ्याने नुसतंच काकांकडे पाहिलं आणि बसायला स्टूल दिलं. काका प्रत्येक दुकानाबाहेर येऊन जरा वेळ थांबत. काचेमागे पिशव्या टांगलेल्या असत, रिकाम्या, तोंडं मिटलेल्या, कुठेतरी निघालेल्या. त्यांच्याकडे बघता बघता काकांच्या पाठीला आपोआप पट्टे येत आणि रस्त्यावर घोटाभर पाणी चढे. मग मागून कुणीतरी हॉर्न वाजवी.

शेवटी मंडईच्या मागच्या गल्लीत बॅगा शिवणारा एक कारागीर सापडला.

"काका, मापं उलटी सांगितलीत," तो म्हणाला.

"सुलटीच आहेत. छापील आहेत."

"अहो, ही पिशवी पाठीवर बसणार नाही, मागे फळीसारखी निघेल. भरली की लोंबणार."

"मग लोंबणार नाही अशी शिवा."

कारागिराने काकांकडे पाहिलं, मग पत्रकाकडे. छापील कागदाशी कोण वाद घालणार! "आतून पुठ्ठा घालतो, कडेने तार ओढतो," तो म्हणाला. "पण वळताना मागचं बघून वळा. माझं नाव सांगू नका."

चार दिवसांत पिशवी तयार झाली. काकांनी ती पाठीला लावली, तेव्हा समोरून ते नेहमीचेच भिंगकाका दिसत होते. बाजूने पाहिलं तर त्यांच्या पाठीतून एक छोटीशी गॅलरी बाहेर आल्यासारखी वाटत होती. पाण्याच्या बाटल्या तिच्यात आडव्या झोपत. काका वाकले की त्या घरंगळत पुढे येऊन मानेवर आदळत, ताठ झाले की मागे जात आणि काकांनाही दोन पावलं मागे नेत. पंधरवड्यात त्यांना एक वेगळी चाल जमली: जरासं पुढे झुकून, धिम्या गतीने, कुणीतरी अंगावर झोपलेलं असावं तशी.

इमारतीत खळबळ उडाली. समोरच्या दारातले इंजिनिअर निवृत्त झाल्यापासून एखाद्या प्रश्नाच्या शोधातच असत. त्यांनी काकांना जिन्यात उभं करून तीन बाजूंनी पाहिलं.

"घनफळ काढलंत? पंधरा गुणिले तीस गुणिले पंचेचाळीस. वीस लिटर आणि वर थोडं. चोख आहे! म्हणजे तज्ज्ञांनी काहीतरी विचार करूनच केलंय."

"काय विचार असेल?" काकांनी विचारलं. त्यांनाही ते कळलं तर हवंच होतं.

इंजिनिअरांनी डोळे मिटले. "पोट," ते म्हणाले. "आपल्या वयाला पोट पुढे जातं. पिशवी मागे. माणूस मध्ये. तोल साधला! मी आयुष्यभर पूल बांधले, पण माणसावर हा प्रयोग केलेला पाहिला नव्हता."

एवढं शास्त्र कळल्यावर मागे कोण राहणार? तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पिशवी मागवली, योगवर्गवाल्या बाईंनी मागवली, गच्चीखालच्या जोडप्याने दोन मागवल्या. कारागिराने मदतीला भाऊ बसवला. ज्यांच्याकडे चांगल्या उभ्या पिशव्या होत्या, त्यांनी त्या लाजून माळ्यावर टाकल्या. संध्याकाळी लोक काकांना जिन्यात अडवून विचारू लागले: शिटी डाव्या कप्प्यात की उजव्या? बिस्किटं गोड की खारी? काका उत्तरं देत. कधी कधी प्रश्न नसला तरी देत. एकदा तर त्यांनी दूधवाल्याला रेडिओच्या सेलचं आयुष्य समजावून सांगितलं.

काकूंनी मात्र आपल्यासाठी पिशवी शिवून घेतली नाही. "एका घराला एक पुरते, असं तुमच्याच पत्रकात आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत संध्याकाळी काका गॅलरीत आरामखुर्चीत बसत. पिशवी मांडीवर. उजेड उतरत असे, समोरच्या इमारतींच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत, आणि त्यांच्याखालून पूर येई. काकांचा पूर फार सभ्य होता. त्यात कुणी बुडत नसे, कुणाचं सामान भिजत नसे. पाणी फक्त हळूहळू चढे, रस्ते पुसून टाकी, सगळीकडे आभाळ पसरून ठेवी. आणि जिन्याच्या तोंडाशी काका उभे असत. ते शांतपणे म्हणत, "घाबरू नका, एकेकाने या." माणसं येत. शेवटी काकू येत, पदर खोचलेल्या, आणि काकांकडे अशा बघत की तसं त्यांनी खऱ्या आयुष्यात फार वर्षांपूर्वी एकदाच बघितलं होतं. तेवढ्यात आतून खऱ्या काकू विचारत, "भाजी कुठली करू?" आणि पूर ओसरे.

रविवार उजाडला. साडेनऊला घंटा झाली, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडली.

सुरुवात फार देखणी झाली, हे मान्य करायलाच हवं. सकाळचं ऊन जिन्याच्या जाळीतून तिरपं येत होतं. वरपासून खालपर्यंत माणसं निघाली होती, प्रत्येकाच्या पाठीतून एक सपाट, कापडी फळी निघालेली, आणि ती सारी रांग पाण्यात चालावं तशी संथपणे हलत होती. मागच्याला पुढच्याच्या दोन पायऱ्या मागे राहावं लागत होतं. आजींनी पुढच्या माणसाच्या पिशवीवर आपला चष्मा, किल्ल्या आणि अर्धा चहाचा कप ठेवला होता. त्या स्वतः तिलाच हात टेकून, कठड्याला न धरता, राणीसारख्या उतरत होत्या. काका रांगेच्या मधोमध होते आणि त्यांना वाटलं, आपण बरोबर वाचलं, बरोबर केलं.

मग दुसऱ्या मजल्याचं वळण आलं.

सरळ जिन्यात पंचेचाळीस सेंटिमीटर चालून जातात. वळणावर माणूस वळतो, पण त्याची पिशवी आधी जिथे होती तिथेच राहायला बघते. इंजिनिअर वळले आणि त्यांची पिशवी कठड्याच्या गजांत शिरली. "थांबा, मी सांगतो," म्हणून काका मदतीला वळले, तर त्यांच्या पिशवीने योगवर्गवाल्या बाईंना भिंतीशी नेऊन टेकवलं. बाई ओणव्या झाल्या, त्यांच्या पाठची फळी वर उचलली गेली आणि गच्चीखालच्या नवऱ्याच्या हनुवटीखाली बसली. बायकोने त्याला मागे ओढलं. तारेत तार अडकली. वरून माणसं येतच होती. अर्ध्या मिनिटात त्या वळणावर असा काही गुंता झाला की पाय कुणाचा आणि पट्टा कुणाचा हे कळेना.

"तोल... तोल साधा!" इंजिनिअर गजांमधून म्हणाले.

वरच्या पायऱ्यांवरून आजींचा आवाज आला, अगदी शांत. "आलं का अंगण?"

"अहो," मागून काकू म्हणाल्या. "मला पुढे काही दिसत नाहीये."

काकांनी मान वळवली. काकू त्यांच्या मागेच होत्या, दोन पायऱ्या वर, पण मध्ये पिशवी होती. काकांना फक्त कठड्यावरचा त्यांचा हात दिसत होता, बोटं घट्ट आवळलेली.

आणि तेव्हा न बोलावता पूर आला. तोच करडा, संथ पूर, फक्त यावेळी सभ्य नव्हता. तो पहिल्या मजल्यावर आला, मग या वळणाच्या खालच्या पायरीला लागला. काकांनी नेहमीसारखं "घाबरू नका, एकेकाने या" म्हणून पाहिलं, पण यायला वाट नव्हती. वाट त्यांनीच अडवली होती. पाणी चढत होतं, आणि ज्या हाताला धरून वर काढायचं तो हात त्यांच्याच पाठीमागे पंचेचाळीस सेंटिमीटरवर होता आणि त्यांचा हात पोचत नव्हता. इतकी वर्षं स्वप्नं पाहिली, त्यांतल्या एकाचीही त्यांना भीती वाटली नव्हती. आज वाटली. आणि त्या भीतीत त्यांना लख्ख कळलं की त्या दुपारी मापांच्या ओळीवर पेन्सिल असताना आपण टेबलाशी नव्हतोच.

"पट्टे काढा!" काका ओरडले. एवढ्या मोठ्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असतील. "सगळ्यांनी पिशव्या काढा, पोटाशी उभ्या धरा! उभ्या! आजींना कुणीतरी हात द्या!"

त्यांनी स्वतःची पिशवी उतरवली, उभी करून छातीशी धरली आणि मागे हात केला. काकूंनी तो धरला. मग रांग सुटली.

अंगणात अधिकारी खुर्ची टाकून बसले होते. तरुण, नीटनेटके, हातात टेप आणि फॉर्मचा गठ्ठा. त्यांनी पहिली पिशवी मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसरी मोजली, तिसरी मोजली.

"कमाल आहे! सकाळपासून चार इमारती बघितल्या, सगळ्यांच्या पिशव्या नापास. उभ्याच्या उभ्या! तुमची पहिली इमारत, जिने पत्रक नीट वाचलंय."

"आम्हाला खाली यायला एकवीस मिनिटं लागली," काकू म्हणाल्या.

"वेळेचा रकाना फॉर्ममध्ये नाहीये, मॅडम. फक्त मापं."

काका पुढे झाले. "साहेब, पत्रकातली मापं चुकली आहेत. उंची आणि जाडी यांची अदलाबदल झाली आहे."

"शक्य नाही," अधिकारी हसून म्हणाले. "आमची सगळी कामं त्या छापखान्यात जातात. तिथला तपासनीस म्हणे सत्तावीस वर्षांत चुकलेला नाही. आमचे साहेब सगळ्यांना त्याचं उदाहरण देतात."

सगळ्यांना ठाऊक होतं की तो तपासनीस कोण. इंजिनिअरांनी काकांची बाही हलकेच ओढली. "गप्प राहा," ते कुजबुजले. "चारच महिने राहिलेत. आपण पास झालोय. पिशव्या वाटलं तर नंतर बदलू."

काकांच्या मनात आलं की खरंच गप्प राहावं. शून्य शाबूत होतं. ते शाबूत ठेवायला फक्त तोंड मिटून घरी जायचं होतं. त्यांनी पिशवीचा पट्टा बोटांत गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "तो तपासनीस मीच. मी चुकलो. या पिशव्या घालून लोक जिन्यात अडकतील, साहेब. आज आम्ही अडकलो."

अधिकाऱ्यांचं हसू गेलं. त्यांनी टेप गुंडाळून ठेवला. "मग शुद्धिपत्र काढावं लागेल. घरोघर जाईल. आणि आमचा नियम आहे, शुद्धिपत्रात चूक करणाऱ्याचं नाव छापावं लागतं. पूर्ण नाव. चालेल?"

"छापा," काका म्हणाले.

सोमवारी छापखान्यात मूळ कागद काढला गेला. त्यात मापं बरोबर होती. प्रुफावर उलटी होती, आणि शेजारी काकांची ती सुबक, निःशंक बरोबरची खूण होती. मालकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "भाषण बदलावं लागेल," एवढंच ते म्हणाले, पण चहा मागवताना काकांसाठी बिस्किटंही मागवली. शुद्धिपत्राची जुळणी संध्याकाळी झाली. तळहाताएवढा कागद, सहा ओळी. प्रूफ काकांच्या टेबलावर आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि घरी आणलं.

"तू वाच," ते काकूंना म्हणाले. "जुन्या पद्धतीत दोन माणसं लागायची. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

काकूंनी चष्मा लावला. गोळ्या मोजताना लावतात तोच आवाज लावला, एकेक शब्द वेगळा. "उंची, पंचेचाळीस. रुंदी, तीस. जाडी, पंधरा. पूर्णविराम." काकांचं बोट सरकत होतं. आज ते कुठेही गेले नाहीत. ना बागेत, ना समुद्रावर. "सदर चूक मुद्रणपूर्व तपासणीत राहून गेली, स्वल्पविराम, तिची जबाबदारी," आणि काकू थांबल्या.

पुढे काकांचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासणाऱ्या या माणसाचं नाव छापलेलं दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, काकूंनी त्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. भांडताना नाही, दवाखान्यात फॉर्म भरताना नाही, तिथेही त्या कागद काकांपुढे सरकवत आणि म्हणत, तुमचं तुम्हीच लिहा.

"काय झालं? चूक आहे का?" काकांनी विचारलं. त्यांचं बोट मूळ कागदावर त्याच ओळीवर होतं.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग नाव मोठ्याने वाचलं, सगळंच्या सगळं, जोडाक्षराला जरा अडखळत.

काका कागदाकडेच बघत राहिले. त्यांना फार लाज वाटत होती, आणि इतकं बरंही वाटत होतं की मान वर करवेना.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

"का? बरोबर आहे की."

"असू दे. तपासायला हवं."